पहिल्याच भेटीत सांगा ना डॉक्टर, आणि दोघांना सांगा

नमस्कार डॉक्टर,

हे पत्र कोणा एकाला नाहीये. स्त्रीरोगतज्ज्ञ, इन्फर्टिलिटी स्पेशालिस्ट, सोनोग्राफी करणारे, आयव्हीएफ सेंटरमध्ये काउन्सेलिंगला बसणारे, तुम्ही सगळेच वाचा. मी पस्तिशी ओलांडलेली, नोकरी करणारी बाई आहे आणि आम्ही दोघं बऱ्याच काळापासून चान्स घेतोय. या सगळ्यात जे डॉक्टर भेटले ते बहुतेक हुशार होते, मेहनती होते, आणि ओपीडीत किती गर्दी असते तेही मी बघितलंय. तरी एक गोष्ट सगळीकडे सारखीच घडली. जे आम्हाला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं ते खूप उशिरा कळलं, तुकड्यातुकड्याने कळलं, बऱ्याचदा बाहेर बाकावर बसलेल्या दुसऱ्या पेशंटकडून कळलं, आणि तुमच्याकडून जे कळलं ते मला एकटीलाच सांगितलं गेलं. म्हणून मागणं एवढंच आहे, तुम्हाला जे माहितीये ते पहिल्याच भेटीत सांगा आणि दोघांना समोर बसवून सांगा.

नवऱ्यापासूनच सुरुवात करते. आमची फाइल माझ्या नावाने निघाली, त्याचं नाव फक्त पती या रकान्यात. पहिल्याच दिवशी मला थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच, पाळीच्या दुसऱ्या दिवशीचं एफएसएच-एलएच आणि आतून सोनोग्राफी एवढं सगळं लिहून दिलं, पुढे एचएसजी. एचएसजीत गर्भाशयाच्या तोंडातून डाय सोडतात आणि ट्यूब्स उघड्या आहेत का ते एक्स-रेवर बघतात, काही जणींना पाळीसारखं दुखून थांबतं, काही जणी टेबलवरच घामाघूम होतात, मी त्यातली. नवरा तेव्हा बाहेर बसून होता आणि तोपर्यंत त्याला कोणीही काहीही विचारलेलं नव्हतं, किती सिगरेट ओढता, कुठली औषधं चालू आहेत, लहानपणी कुठलं ऑपरेशन झालंय का, काहीच नाही. त्याची सीमेन टेस्ट कधी झाली तर माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, अंडी वाढवायच्या गोळ्या खाऊन खाऊन महिने गेले, तेव्हा कुठे. आणि त्यात शुक्राणूंची हालचाल कमी निघाली.

मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा बाईच्या कारणासोबत. हे तुमच्यासाठी नवीन नाही, तुम्ही हे शिकूनच डॉक्टर झालाय. ही टेस्ट सगळ्यात सोपी, ना सुई ना भूल, दोन ते सात दिवसांचा गॅप ठेवून सॅम्पल द्यायचं बस्स. मग ती शेवटी का येते? मला खरंच उत्तर हवंय. नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून? घरचे तयार होत नाहीत म्हणून? पण तो तिथेच बसलेला असतो डॉक्टर, तुम्ही एकदा त्याच्याकडे बघून म्हणालात की तुमचीही टेस्ट पाहिजे तर तो करतो. तेच बायकोने घरी जाऊन सांगायचं म्हटलं की विषय वेगळाच होतो, त्याचं भांडण होतं.

रिपोर्ट हातात आला त्याची गोष्ट सांगते. त्यात एक ओळ असते, नॉर्मल आकाराचे शुक्राणू 4 टक्के. नवऱ्याने ती वाचली आणि गप्पच झाला, घरी येईपर्यंत बोलला नाही, रात्री म्हणाला शंभरातले शहाण्णव खराब आहेत गं माझे. डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या, 2021 च्या मॅन्युअलमध्ये खालची मर्यादाच 4 टक्के आहे, म्हणजे तो आकडा चालणारा होता. हालचालीची मर्यादा 42 टक्के आहे, अडचण तिथे होती, आणि तीही एका रिपोर्टवरून ठरवत नाहीत, मध्ये ताप येऊन गेला तरी रिपोर्ट बिघडतो म्हणून परत टेस्ट करतात. हे एवढं सांगायला किती वेळ लागला असता? तो माणूस किती दिवस स्वतःला खराब समजत फिरत होता.

आणि उशीर म्हणजे नुसता टेस्टचा उशीर नसतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणजे आज सिगरेट सोडली, वजन कमी केलं, व्हेरिकोसीलचं (अंडकोषाजवळच्या फुगलेल्या नसांचं) ऑपरेशन केलं तरी फरक दिसायला निदान तीन महिने थांबावं लागतं. ते तीन महिने माझ्या टेस्ट चालू असतानाच जाऊ शकले असते. पस्तिशीनंतर तीन-तीन महिने असे सांडणं परवडत नाही, आणि हेही परत तुम्हीच आम्हाला सांगता.

आता गर्भ राहण्याच्या दिवसांचं. मोबाइलमधलं अ‍ॅप सरसकट चौदावा दिवस दाखवतं आणि अनेक बायका, अगदी शिकलेल्या, मोठ्या पोस्टवरच्या बायका, वर्षानुवर्षं तोच दिवस धरून बसतात. ओव्ह्युलेशन म्हणजे अंडं फुटणं, ते होतं पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. सायकल 28 ची असेल तर हिशोब जुळतो, पण जिची सायकल 35 दिवसांची आहे तिचं अंडं एकविसाव्या दिवसाच्या आसपास फुटणार, ती बिचारी आठवडाभर आधीच प्रयत्न करून थकलेली असते. अंडं बाहेर पडल्यावर ते बारा ते चोवीस तासच टिकतं, शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, म्हणजे आधीचे दिवस महत्त्वाचे. अ‍ॅलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 221 बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात ओव्ह्युलेशनचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांतच गर्भ राहिलेला दिसला, नंतरच्या दिवसांत नाहीच. रोज सकाळी उठायच्या आधी थर्मामीटर तोंडात धरून तापमान लिहिणाऱ्या मैत्रिणींना हे कोणी सांगत नाही की तापमान चढतं ते अंडं फुटून गेल्यावर, त्या महिन्यापुरता उपयोग संपल्यावर. लघवीवरची ओव्ह्युलेशन किट आधी सांगते, पण पीसीओएस (हार्मोन्स बिघडून अंडी वेळेवर न फुटण्याचा त्रास) असेल तर तीही फसवते, कारण किट जे एलएच हार्मोन मोजते ते त्यात एरवीच वाढलेलं असू शकतं. संबंधांच्या वेळी साधं जेल वापरतात लोक, त्यातली काही शुक्राणूंची हालचाल मंदावतात, हेही मला खूप नंतर कळलं.

महिन्याचा चान्स किती असतो तेही सांगत जा प्लीज. सगळं ठीक असलेल्या, तिशीच्या आतल्या जोडप्यालासुद्धा एका सायकलमध्ये 20 ते 25 टक्केच, आणि वर्षभरात साधारण 85 टक्के जोडप्यांना दिवस राहतात. चाळिशीला तोच महिन्याचा चान्स 5 टक्क्यांच्या आसपास येतो. हा आकडा ऐकून घाबरायला होतं, हो, पण न ऐकल्यामुळे काय होतं ते मी सांगते. दर महिन्याला पाळी आली की बाई आपल्या चुका शोधत बसते, त्या दिवशी जिने चढले म्हणून का, वजन उचललं म्हणून का, ऑफिसात उशिरापर्यंत बसले म्हणून का. चारातले सरासरी तीन महिने तरी कोणाचेही रिकामे जाणारच आहेत हे माहीत असतं तर ती रात्र तरी नीट झोपली असती.

कधी यायचं हेही वयावर असतं. वर्षभर प्रयत्न करा मग या, हे पस्तिशीच्या आतलीला ठीक आहे. पस्तिशीनंतर सहा महिने आणि चाळिशीनंतर लगेच तपासण्या सुरू कराव्यात हे तुमच्याच व्यवसायातल्या संस्था सांगतात. पाळी अनियमित असेल, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) असेल, तर वय कितीही असो, वाट बघायची नसते. तरी मला एका ठिकाणाहून वर्षभर बघा म्हणून परत पाठवलं आणि पुढच्या ठिकाणी विचारलं, इतकी वर्षं काय करत होतात? दोन्ही वाक्यं एकाच बाईने ऐकायची.

त्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो प्रश्न सगळ्यांना विचारला जातो. इतकी वर्षं कोणी शिकत होती, कोणाला मनासारखा जोडीदार उशिरा मिळाला, कोणी आईवडिलांचं आजारपण काढत होती, कोणाचं आधीचं लग्न मोडलं, आणि कोणाला खरंच तेव्हा मूल नको होतं. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्याकडे दहा ते वीस लाख अंडी असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, नवीन तयार होत नाहीत आणि उरलेल्यांची क्वालिटी वयाप्रमाणे उतरत जाते. हे आम्हाला तिशीच्या आधी कोणी सांगितलं? तेव्हाही आम्ही तुमच्याकडे येतच होतो की, पाळी दुखते म्हणून, गोळ्या लिहून घ्यायला, इन्फेक्शनसाठी. तेव्हा एक मिनिट काढून, धाक न घालता, तुला पुढे मूल हवंय का, हवं असेल तर हे असं असतं, एवढं बोलला असतात तर निर्णय आमचाच राहिला असता पण माहिती असताना घेतलेला असता. पाळीत इतकं दुखतं की ऑफिसला जाता येत नाही असं सांगणाऱ्या मुलीला सगळ्यांनाच दुखतं म्हणून परत पाठवू नका. प्रजननाच्या वयातल्या साधारण दहातल्या एकीला एंडोमेट्रिऑसिस असतो आणि निदान व्हायला कित्येक वर्षं जातात.

एएमएचबद्दलही नीट बोला. रिपोर्टवर लो असा शिक्का दिसला की आम्ही रात्री फोनवर वाचत बसतो आणि सकाळपर्यंत मनाने सगळं संपवलेलं असतं. एएमएच अंड्यांचा साठा किती याचा अंदाज देतं, इंजेक्शनं घेतली तर किती अंडी मिळतील याला ते उपयोगी आहे. अंडी चांगली की वाईट ते त्यातून कळत नाही. 2017 मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या 30 ते 44 वयाच्या बायकांमध्ये, एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याचा चान्स कमी दिसला नाही. हे वाक्य रिपोर्टसोबत द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता जरा सोनोग्राफीच्या खोलीत चला माझ्यासोबत. फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे अंड्याची पिशवी (फॉलिकल) किती वाढली ते बघणं, चालू आहे, सकाळी ऑफिसला जायच्या आधी आलेय, कमरेखाली चादर, खोलीत अंधार, प्रोब आत. डॉक्टर स्क्रीनकडे बघून बाजूच्या मुलीला आकडे सांगतायत, राइट ओव्हरी अठरा बाय सतरा, लेफ्ट काही नाही, ईटी सात पॉइंट दोन, ती लिहून घेतेय. स्क्रीन तिकडे वळवलेली, मला छत दिसतंय. मी विचारलं, चांगलं आहे का? उत्तर आलं, मॅडम सांगतील, बाहेर बसा. बाहेर पुढे तासभर. अठरा म्हणजे मिलिमीटर, म्हणजे फॉलिकल फुटायच्या आकाराला आलंय, आता ट्रिगर इंजेक्शन आणि त्यानंतर साधारण दीड दिवसात अंडं बाहेर, सात पॉइंट दोन म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराची जाडी आणि ती पुरेशी आहे, एवढंच होतं ते. माझ्याच शरीरातले आकडे माझ्या डोक्यावरून दुसऱ्या बाईला सांगितले जातायत आणि मी ऐकतेय, मला ते फार लागलं. स्क्रीन थोडी इकडे वळवा ना, हे बघा हे तुमचं फॉलिकल म्हणा. बाई रडायची थांबते एवढ्याने, मी बघितलंय, कारण एका सोनोलॉजिस्टनी खरंच तसं केलं होतं माझ्यासोबत आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा ताठ मानेने बाहेर आले.

टेन्शन घेऊ नका, रिलॅक्स व्हा, मग राहील. हे बाहेरच्यांनी म्हटलं तर सोडून देता येतं पण तुम्ही म्हणता तेव्हा ते निदान होतं. 2011 मध्ये बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये 14 अभ्यास एकत्र करून साडेतीन हजारांहून जास्त बायकांचा आढावा आला होता, त्यात उपचाराआधीच्या मानसिक ताणाचा आणि आयव्हीएफ यशस्वी होण्या न होण्याचा संबंध सापडला नव्हता. ताण आहेच, तो फार मोठा आहे, 1993 च्या एका अभ्यासात या बायकांमधली चिंता आणि नैराश्य कॅन्सर आणि हृदयरोगाच्या पेशंटइतकं आढळलं होतं, पण तो या सगळ्यामुळे आलाय. त्यावर मदत द्या, काउन्सेलर द्या, नवऱ्यालाही द्या. मूल न होण्याचं खापर त्या ताणावरच फोडू नका.

नवरा-बायकोमध्ये काय होतं तेही एकदा ऐकून घ्या. आज रात्री आणि परवा ट्राय करा असं चिठ्ठीवर लिहून येतं, आणि त्या रात्री दोघंही दमलेले असतात, भांडलेले असतात, कधी त्याला जमत नाही आणि मग महिना गेला म्हणून ती रडते आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपतो. हे फार कॉमन आहे, तुम्हाला माहितीये, पण कोणी बोलत नाही. दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले तरी ते सहा दिवस आपोआप सापडतात, ज्यांना टायमिंगचं ओझं होतंय त्यांना एवढं तरी सांगा.

गर्भ राहून पडतो तेव्हाचं बोलणं तर अगदीच जपून करायला हवं. कळलेल्या गर्भधारणांपैकी 10 ते 20 टक्के पडतात, वय वाढतं तसं प्रमाण वाढतं, आणि पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्यांपैकी निम्म्या वेळा तरी कारण क्रोमोसोमचं असतं, बाईने काय केलं न केलं याचा त्यात काही हात नसतो. माझ्या मैत्रिणीला स्कॅनमध्ये ठोके दिसले नाहीत तेव्हा पहिलं वाक्य ऐकायला मिळालं, चला निदान राहतं तरी हे कळलं. ती आजही ते वाक्य विसरलेली नाही. आणि नंतर तिला गरोदर बायकांच्याच रांगेत पेपरवर सही करायला बसवलं होतं. वेटिंग रूम वेगळी करता येत नसेल तर निदान अशा बाईला आतल्या खोलीत बसवा, एवढी एक खुर्ची निघतेच कुठेतरी.

आयव्हीएफबद्दल. 1978 मध्ये आयव्हीएफने झालेलं जगातलं पहिलं बाळ, लुईस ब्राउन, जन्मली तेव्हा तिच्या आईच्या ट्यूब्स बंद होत्या, त्यासाठी ते तंत्र होतं. 1992 मध्ये इक्सीने झालेल्या पहिल्या गर्भधारणा जाहीर झाल्या, तेव्हापासून पुरुषाचा काउंट कमी असला तरी एक शुक्राणू अंड्यात सोडून गर्भ तयार करता येतो. मी या शास्त्राची ऋणी आहे. पण त्याचा अर्थ असाही झाला की दोष त्याच्यात असला तरी दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं मीच टोचून घ्यायची, भूल मला, सुईने अंडी माझी काढायची, पोट फुगून ओएचएसएसचा (इंजेक्शनांनी ओव्हरी जास्तच सुजण्याचा) धोका मला, आणि गर्भ टिकायला लागणारं प्रोजेस्टेरॉनही मीच घ्यायचं. म्हणूनच त्याचं जे सुधारण्यासारखं असेल ते आधी सुधारून बघायचा आग्रह तुम्ही धरला पाहिजे, तेवढा वेळ हातात असेल तर. आणि वय हाताबाहेर चाललं असेल तर थेट आयव्हीएफ करा हेही स्पष्ट सांगा, गोड बोलून महिने घालवू नका.

वरून जोडायच्या गोष्टी, ग्लू, स्क्रॅचिंग, अमुक इंजेक्शन तमुक ड्रिप, त्याबद्दल विचारल्यावर करून घ्या नुकसान तर नाही असं म्हणू नका. स्क्रॅचिंगचं, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर खरवडण्याचं उदाहरण घ्या, 2019 मध्ये 1364 बायकांवरची मोठी ट्रायल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली, बाळ होण्याचं प्रमाण वाढलं नाही. ब्रिटनमध्ये एचएफईए ही सरकारी संस्था अशा प्रत्येक अ‍ॅड-ऑनला पुरावा किती आहे ते रंग देऊन जाहीर करते, कोणालाही वाचता येतं. तसा एक कागद तुमच्या टेबलवर ठेवा. आम्ही त्या क्षणी काहीही करायला तयार असतो, कुठेही सही करतो, आणि नेमकं म्हणूनच तुमच्यावर जबाबदारी जास्त येते.

फॉलिक अ‍ॅसिडसारखी साधी गोष्ट घ्या. 400 मायक्रोग्रॅम, रोज, गर्भ राहायच्या आधीपासून, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते आणि तोपर्यंत अनेकींना दिवस राहिल्याचंच कळलेलं नसतं. पहिल्या भेटीत सांगायची गोष्ट आहे ही. मला तिसऱ्या डॉक्टरांनी सांगितली.

रिझल्टचा फोन कधी करायचा तेही विचारत जा. बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिले का ते सांगणारी रक्ताची टेस्ट, निगेटिव्ह आल्याचा फोन मला मीटिंगच्या मध्येच आला आणि मी हो हो म्हणून ठेवला आणि परत आकडे वाचून दाखवायला उभी राहिले. संध्याकाळी करू का, नवऱ्याला करू का, मेसेज चालेल का, एवढं फाइलवर आधीच लिहून घेता येईल.

आणि शेवटचं, जे कोणीच काढत नाही. थांबायचं कधी? डब्ल्यूएचओच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे जगात साधारण सहातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो, आणि त्यातल्या सगळ्यांनाच बाळ होतं असं नाही. आणखी एक सायकल करून बघू, हे वाक्य तुमच्याकडून येत राहिलं की आम्हाला थांबता येत नाही, थांबलो तर आपणच कमी पडलो असं वाटतं. म्हणून पहिल्याच भेटीत दोघांसमोर विचारा, कुठपर्यंत जायचंय, दुसऱ्या बाईचं अंडं चालेल का, दत्तक घ्यायचा विचार आहे का, की दोघंच राहणंही चालेल. उत्तर त्या दिवशी येणार नाही आणि आलं तरी बदलेल. दर सहा महिन्यांनी परत विचारा आणि त्या दिवशी स्वतःचं मतही सांगा, तुमची बहीण समोर बसली असती तर जे सांगितलं असतं तेच. आमची पुढची अपॉइंटमेंट येतेय, यावेळी फाइलवर दोघांची नावं सारख्या अक्षरात लिहा असं मी काउंटरवर सांगणार आहे.

तुमचीच,
एक पेशंट